बीटी कापूस : पर्यावरणीय धोके

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे विषारी प्रथिन स्वतःच्या पेशींत तयार करणारा, जनुकबदल केलेला कापूस. जालन्याची महिको आणि मोन्सॅन्टो या कंपन्यांच्या संकरित वाणांना भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ पासून दोन प्रथिने असलेले ‘बोलगार्ड-२’ वाण आले.

वाद रंगला तो मुख्यतः परागकण, जमीन आणि माणसाच्या आरोग्यावर. महाराष्ट्राच्या शेतात मात्र खरा ठरला तो किडीच्या प्रतिकारशक्तीचा धोका. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही पोसली जाते, त्यामुळे विषाशी गाठ न पडलेल्या अळ्या शिवारात उरतात. गुलाबी (शेंदरी) बोंडअळी जवळजवळ फक्त कापसावर जगते. तिच्यासाठी कापसातच बिगर-बीटी झाडे राखावी लागतात, नाहीतर विष पचवणाऱ्या अळ्यांच्या पतंगांचेच आपसांत मीलन होते. म्हणून बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे दिले जाई; शेताच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्रात ते लावायचे. फार थोड्यांनी लावले. दोष शेतकऱ्याला देणे सोपे आहे, पण अळीला पोसण्यासाठी सोडलेल्या त्या ओळींची भरपाई त्याला कोणीच देत नव्हते.

दुसरे कारण वाणातच होते. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विष सारखे उतरत नाही. काही अळ्या अर्धवट मात्रा पचवून तगतात. त्यात ओलिताखाली फेब्रुवारी-मार्चपर्यंत घेतलेली फरदड (वेचणीनंतरही राखलेले जुनेच पीक), म्हणजे किडीला सलग अन्न.

गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या पिढीच्या वाणाला गुलाबी अळी दाद देत नसल्याचे मोन्सॅन्टोने २०१० मध्ये मान्य केले. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात ‘बोलगार्ड-२’ची बोंडेही किडली. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांच्यावर तर बीटीचा परिणाम होतच नाही. त्यामुळे सुरुवातीला घटलेली फवारणी पुन्हा वाढली. २०१७च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली.

जनुक देशी कापसात शिरण्याची भीती तुलनेने कमी: देशी वाणांची गुणसूत्रे २६, अमेरिकन कापसाची ५२, संकर क्वचितच टिकतो. वांग्याचे तसे नाही. त्याच्या रानटी व गावरान जाती इथल्याच. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती देताना हा मुद्दाही चर्चेत होता.

अमेरिकेने बीटी कापूस, त्यासोबतच्या बिगर-बीटी ओळी आणि वंध्य पतंग यांच्या जोरावर २०१८ मध्ये गुलाबी अळीचे उच्चाटन जाहीर केले. इकडे भर कामगंध सापळे, डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुले) वेचून नष्ट करणे आणि डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटणे यांवर आहे.