बालवाडीची वाट

आईचे बोट सोडून लहान मूल प्रथमच परक्या ओसरीवर जाऊन बसते, त्या दिवसासाठी त्याच्या मनाची सिद्धता कशी करावी, हा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. परंतु आपल्या मुलुखात तो विचार करण्याजोगा प्रश्न ठरावयास विसावे शतक उजाडावे लागले. पंतोजींच्या शाळेच्या काळी विद्यारंभाचा मुहूर्त पाहिला जाई, पाटीपूजन होई, धुळाक्षरे गिरविली जात. मात्र मुलाच्या मनात दाटलेल्या भयाची दखल यांपैकी कोणत्याच विधीत घेतलेली नव्हती, आणि चार दिवसांनी मूल उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीनासे झाले, तर पंतोजींनी धाडलेली दांडगी मुले त्याची उचलबांगडी करून त्याला शाळेत आणून टाकीत. घरीही शाळेचे नाव बागुलबुवाच्याच जोडीने निघे. जेथे मुलाला नित्य जावयाचे, त्याच जागेचा धाक घालून त्याला जेवावयास किंवा निजावयास लावणे, याहून विपरीत तयारी मला तरी दुसरी सुचत नाही.

मुंबईच्या गिरणगावातील अवस्था याहून दारुण होती. आई गिरणीत गेल्यावर तान्ह्याने रडू नये, म्हणून त्याला अफूची बाळगोळी चारून निजविण्याचा प्रघात तेथे होता, आणि त्याची नोंद सरकारी चौकश्यांच्या दप्तरांतही झालेली आहे. त्या मातांना दोष देण्यास माझे मन धजत नाही. खाडा पडला की मजुरी बुडे, आणि मुलाला सांभाळावयास घरात दुसरे माणूस नसे. पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्याने सहा वर्षांखालील मुलांकरिता पाळणाघर ठेवावे, असे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्याने घातले, तेव्हा निदान जागेची तरतूद झाली. त्या जागेत मूल रुळावे कसे, हे मात्र कायद्याच्या कलमातून सांगता येण्यासारखे नव्हते.

ते सांगणारी माणसे अन्यत्र तयार होत होती. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले, आणि पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी गरीब वस्तीतील मुलांसाठी जे बालगृह उघडले होते, त्याचे तत्त्व या दोघांनी आपल्या मातीत रुजविले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. ही कामगिरी लहान नव्हे; परंतु शिशुविहारात येणारे मूल घरूनच न्हाऊमाखून येई, आणि शिक्षणाची आस्था असलेले आईबाप त्याला हाताला धरून दारापर्यंत पोचवीत. ज्या घरात शाळा हा शब्दच परका, तेथील मुलाचे काय, हा प्रश्न तसाच उभा होता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या, आणि पस्तिशीतल्या अनुताई वाघ त्यांच्यासोबत गेल्या. त्याच वर्षी त्याच टापूतील वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वस्त्यांतील मुले ताराबाईंनी काढलेल्या बालवाडीकडे प्रथम का फिरकली नसतील, याची उकल होते. स्वच्छ कपड्यांतला परका माणूस वस्तीत येतो तो सावकाराचा मुनीम असतो किंवा जंगलखात्याचा शिपाई, हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव, त्यांनी आपले पोर एकाएकी कोणाच्या हवाली का करावे?

येथे ताराबाईंनी जे केले, ते मला त्यांच्या साऱ्या कार्यात सर्वांत थोर वाटते. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका सकाळी वस्तीत जात, कोणाच्या तरी सारवलेल्या अंगणात बसत, आणि पाटी-पुस्तकाचे नावही न काढता आधी मुलांचे हातपाय धूत, नखे कापीत, केस विंचरीत. मग गाणे, गोष्ट, खेळ. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, चिंचोके, पाने, काड्या आणि माती यांनाच साधनांचा दर्जा मिळाला. ज्या चिंचोक्यांशी मूल काल एकटे खेळत होते, तेच चिंचोके आज बाईंच्या शेजारी बसून ते मोजू लागले. आई तेथेच, हाकेच्या अंतरावर, आपल्या कामात असे. ज्याला कवेत शिरून बसावेसे वाटे, त्याने खुशाल तसे बसावे. ज्याला कुडाआडून नुसते पाहावयाचे असेल, त्याने पाहावे. या अंगणवाडीत रमलेले मूल पुढे मध्यवर्ती बालवाडीकडे निघे, तेव्हा बाई, गाणी आणि खेळ ही तिन्ही त्याच्या परिचयाची झालेली असत आणि नवे असे काय ते छप्पर.

पुढे हे कार्य त्याच टापूतील कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा आणखी एक अडचण पुढे आली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत यावयास राजी असे, पण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे, आणि आईबाप मजुरीला गेलेले असत. त्या भावंडाला घरी ठेवून ये, असे तिला सांगणे म्हणजे तिलाच परत पाठविणे होते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी तेथे उभी राहिली, आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी रानातच कुरणशाळा भरू लागली. धाकट्याला परक्या जागेची भीती वाटावी असे तेथे फारसे उरले नाही. जिच्या कडेवरून ते उतरे, ती बहीण पलीकडच्याच वर्गात असे.

त्यानंतर सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. या योजनेने पोषण, लसीकरण आणि आरोग्यतपासणी गावोगाव पोचविली, याबद्दल कृतज्ञता वाटावी तितकी थोडीच आहे. तथापि अंगणवाडी बहुतेक ठिकाणी एका खोलीत भरू लागली आणि मुलाने तेथे यावे हाच परिपाठ पुन्हा पडला. सेविकेकडे वजनाचे तक्ते आहेत, आहाराच्या नोंदी आहेत, हजेरीपट आहे. नव्या मुलासाठी पहिले काही आठवडे त्याच्या दारी जाऊन बसण्याची सवड तिला मिळावी, आणि तो वेळ कामात धरला जावा, एवढी तजवीज सरकारने अजूनही करावयास हवी.