जुगाराच्या आश्रयाने वाढलेला रंगमंच

नेवाडाच्या वाळवंटातील लास वेगास शहरी १९५८ च्या जुलैत स्टारडस्ट हॉटेल उघडले, तेव्हा त्याच्या चालकांनी पॅरिसच्या लिडो रंगगृहाचा नृत्यगीतांचा भव्य प्रयोग आपल्या रंगमंचावर आणविला. आणि पुढच्याच वर्षी ट्रॉपिकाना हॉटेलाने पॅरिसच्याच फोली बर्जेरचा प्रयोग आणून त्यास उत्तर दिले. नाटक कंपनीचा मालक गल्ल्याकडे डोळे लावून बसतो; येथे मात्र रंगमंचाची तूट जुगाराच्या खात्यातून बिनतक्रार भरून निघे, कारण स्वल्प दरात भोजन व प्रयोग यांचा लाभ घेऊन उठलेला पाहुणा बाहेर पडताना जुगाराच्या पटांमधूनच जाणार, हा हिशेब मालकांच्या मनात पक्का होता.

या औदार्याला एक अट मात्र जोडलेली होती. प्रेक्षक दिपून तर जावा, परंतु फार काळ खुर्चीला खिळून राहू नये, कारण तेवढा वेळ तो डाव लावीत नसे. म्हणून सुमारे दीड तासात सारे आटोपून रात्रीतून दोनदा तोच सोहळा उभा करावा लागे. शिवाय प्रेक्षक दोन-चार दिवसांचा पाहुणा, तेव्हा त्याच्या कानी प्रयोगाची कीर्ती तो घरून निघण्यापूर्वीच पडणे अगत्याचे होते. हे काम शहराच्या न्यूज ब्यूरोने मोठ्या चातुर्याने केले. नजीकच्या वाळवंटात अणुस्फोटांच्या चाचण्या चालू असता, १९५७ साली ब्यूरोचे छायाचित्रकार डॉन इंग्लिश यांनी सँड्स हॉटेलातील एका नर्तिकेच्या पोहण्याच्या पोशाखावर कापसाचा अणुमेघ चिकटवून घेतलेले चित्र देशभरच्या वृत्तपत्रांनी छापले. ज्या स्फोटांची धूळ आसपासच्या वस्त्यांवर पडत होती, त्यांना असे शोभेचे रूप देणे मला आजही क्लेशकारक वाटते.

या परंपरेचा खरा शिल्पकार डॉन आर्डेन. कथानकाची जागा त्याने महाप्रलयांना दिली. टायटॅनिक जहाजाचे बुडणे रंगमंचावर घडविण्याचे साहस त्याचेच. एमजीएम ग्रँडमधील ‘जुबिली’ या त्याच्या प्रयोगाची सिद्धता चालू असतानाच, २१ नोव्हेंबर १९८० रोजी त्या हॉटेलास आग लागून ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली व प्रयोग लांबला. अखेर १९८१ च्या उन्हाळ्यात तो उघडला, तेव्हा त्यावरील खर्च सुमारे एक कोटी डॉलर सांगितला जाई. मस्तकावर पिसांचा व खड्यांचा जड मुकुट पेलीत, पायाखाली न पाहता, मुद्रेवरचे हास्य ढळू न देता, जिना उतरणाऱ्या नर्तिकांची साधना कोणत्याही शास्त्रीय नृत्याइतकीच कठोर होती, आणि तिला कलेचा मान क्वचितच मिळाला याची मला खंत वाटते.

हा डोलारा ज्या आधारावर उभा होता, तो तोवर हलू लागला होता. नेवाडाच्या १९६७ व १९६९ च्या कायद्यांनी भागभांडवलाच्या मोठ्या कंपन्यांस जुगारगृहे चालविण्याची वाट मोकळी केली. आणि त्यांच्या कारकुनांनी भोजनगृह, निवास, रंगमंच अशी प्रत्येकाची खतावणी वेगळी करून प्रत्येकाकडून नफ्याची मागणी मांडली. वाद्यवृंदाऐवजी ध्वनिमुद्रित संगीत वापरण्याच्या प्रश्नावर १९८९ साली वादकांनी संप पुकारला, पण जिवंत वादनाचे दिवस परतले नाहीत. पुष्कळ ठिकाणी तर निर्मात्याने रंगमंदिर इजाऱ्याने घ्यावे, नटांचा मेहनताना, जाहिरात व भाडे स्वतः सोसावे आणि तिकिटांच्या उत्पन्नावर तगावे, अशी रीत पडली. एवंच जो प्रयोग तिकिटावर जगण्यासाठी रचलाच नव्हता, त्याला उतारवयात तिकिटावर जगावयास सांगण्यात आले. १९९३ साली सर्क दु सोलेई या सर्कस मंडळीचा ‘मिस्तेर’ ट्रेझर आयलंडमध्ये कायमचा आला, आणि कसरत, संगीत व यंत्रशक्ती यांच्या त्या मिलाफासाठी लोक भरभक्कम दर आनंदाने देऊ लागले. त्यानंतर पिसांच्या प्रयोगांची जाहिरात कोणत्या प्रेक्षकाला उद्देशून करावी, हेच चालकांना उमगेना. स्टारडस्टमधील लिडोचा प्रयोग तर १९९१ सालीच बंद झाला होता. ट्रॉपिकानातील फोली बर्जेर २००९ च्या मार्चमध्ये आणि ‘जुबिली’ २०१६ च्या फेब्रुवारीत थांबला.