मासा केवढा? मापाच्या इतिहासातील एक प्रकरण

पकडलेला मासा केवढा, हे कोणी ठरवावे? ज्याने पकडला त्याला विचारावे, असे कोणी भोळेपणाने म्हणेल. पण त्यालाच विचारू नये, यावर नदीकाठच्या माणसांचे एकमत आहे. त्वरितादेवीच्या आपल्या तलवाड्याहून गोदावरी काही फार लांब नाही, तेव्हा येथे हे अधिक फोडून सांगायला नको. हातचा सुटलेला मासा तर दर सांगण्याला बोटबोट वाढत जातो. मात्र आम्ही हा विषय केवळ गमतीसाठी घेतलेला नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि काट्यापाशी फार झाले. ज्यांची मजुरी वजनावर ठरते अशा माणसांत आयुष्य गेले. त्यामुळे माप कोणाच्या हातात आहे, हे पाहण्याची खोड आम्हांला लागली आहे.

मासे गळाने धरण्याचा शौक साहेबाने आणला, असा एक समज आहे. तो खरा नाही. आपला हा मुलूख ज्यांच्या राज्यात होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने करमणूक कशी करावी हे सांगताना त्यात ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. दोरी कशाची, आमिष कशाचे, कोणता मासा कशाला भुलतो, याची त्यात बारीक माहिती आहे. माशांची वर्गवारी खवल्यांवरून केली आहे, तशीच अंगाच्या आकारावरूनही. १९५१ साली डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. म्हणजे मासा मोठा, मध्यम की लहान, हा प्रश्न या मातीत निदान नऊशे वर्षांचा जुना आहे. राजाच्या गळाला लागलेला मासा मध्यम आहे, असे तोंडावर सांगणारा कोणी दरबारी होता की नाही, हे मात्र ग्रंथकार सांगत नाही!

सामान्य माणसाचे माप त्याच्या अंगावरच होते. बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात. हे माप फुकटचे, पण ज्याचा त्याचा पंजा निराळा. शिवाय वितीत आणखी एक फसगत आहे. मासा लांबीने वाढतो तसा रुंदीने व जाडीनेही वाढतो. म्हणून दोन वितींचा मासा एका वितीच्या दुप्पट नव्हे, सुमारे आठपट भरतो; दीड वितीचा सव्वातीनपटीहून जास्त. दोन माशांत चार बोटांचा फरक दिसला, तर पारड्यात तो फरक डोळ्यांना खोटा वाटावा इतका पडतो. भाव वितीवर ठरला की नुकसान कोणाचे, ते यावरून उघड आहे.

हा तंटा अजस्र माशाच्या बाबतीत फारसा होत नाही. १९४६ साली म्हैसूरकडे कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर गळाला लागला. तो पाहणाऱ्याला मोठा आहे हे पटवावे लागले नसेल. खरी परीक्षा लहान जातीत. अमेरिकेत ‘पॅनफिश’ हा शब्द आहे. अख्खा तव्यात मावेल असा, ताटाच्या मापाचा मासा. आपल्याकडे त्या जागी चिलापी बसवावी. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. १९५२ साली भारतात आणली गेली आणि पुढे तळ्यांतून, धरणांतून जिकडेतिकडे पसरली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले फार वाचतात. तळे भरून जाते, अन्न पुरत नाही, आणि बोटभर वाढलेल्या माशालाच पुन्हा पिल्ले होऊ लागतात. गर्दीने खुरटलेल्या अशा वस्तीत एखादी चिलापी किलोच्या घरात गेली, तर ते नवलच. म्हणून लहान जातीतला मोठा मासा हा खरा मानाचा. त्याचा मोठेपणा जातीशी ताडून पाहायचा असतो, आणि तो थोडक्याने ठरतो. तेथे छटाकभराची लबाडीही निकाल फिरवते.

काटा नसेल तर काय करावे? गळाच्या शौकिनांत एक हिशेब रूढ आहे. माशाची लांबी इंचांत घ्यावी, तिला पोटाच्या घेराने दोनदा गुणावे, आणि आठशेने भागावे. आलेला आकडा पौंडांचा. लांबट माशाला हा हिशेब बरा चालतो. पण ९ एप्रिल १९५० रोजी अलाबामातील केटोना तलावात ‘ब्लूगिल’ जातीचा जो विक्रमी मासा धरला गेला, त्याची लांबी १५ इंच आणि घेर सव्वाअठरा इंच होता. लांबीपेक्षा घेर जास्त! आमच्या वाचकांनी गुणाकार करून पाहावा. उत्तर सव्वासहा पौंड येते. काट्यावर मासा भरला पावणेपाच. दीड पौंड मासा कागदावरच जन्मला. ताटासारख्या चपट्या, रुंद जातीचा घेर म्हणजे गोल पिंपाचा घेर नव्हे, हे या हिशेबाला कळत नाही. चिलापीही त्याच घडणीची, तेव्हा तिलाही तो लावू नये.

अखेर काट्यापाशी यावेच लागते. आणि काटा आला म्हणून तंटा मिटला, असे मानणारे लोक सुखी असोत. आपल्याकडे ऐंशी तोळ्यांचा शेर होता, चाळीस शेरांचा मण होता, आणि वजन म्हणून पारड्यात दगडही होता. १९५६ मध्ये मापांचा कायदा झाला. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोहून छटाकभराने कमी. शेराच्या भावात किलोभर मासा घेणाऱ्याला तेवढा मासा फुकट पडतो. वजने बदलली, पण पारड्याखालचा पासंग कायद्याने नाहीसा होत नाही.

जैसा मासा तैसा कोळसा. इंग्लंडमध्ये खाणकामगाराची मजुरी त्याने भरलेल्या डब्यांच्या वजनावर असे, आणि वजन करणारा मालकाचा. पुष्कळ झगडल्यावर १८६० च्या कायद्याने कामगारांना आपला वजन तपासनीस नेमण्याचा हक्क मिळाला. मालक पळवाटा काढीत राहिले, म्हणून १८८७ मध्ये तो हक्क अधिक पक्का करावा लागला. या तपासनिसाचा पगार कामगार वर्गणीतून देत. आमच्या मते ही कामगार चळवळीतील फार मोठी गोष्ट होय, जरी तिच्यावर पोवाडे झाले नाहीत. बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन जाणाऱ्यांची मजुरी टनावर असते. एका काट्यावर एकच गाडी दोनदा तोलून दोन आकडे आलेले आम्ही पाहिले आहेत. तो काटा कोणाचा, हे सांगण्याची ही जागा नव्हे. ‘काटा मारणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ मात्र येथल्या शाळकरी मुलालाही विचारावा.

आश्चर्य असे की, मजुराला जे भांडून मिळवावे लागले ते शौकिनांनी आपण होऊन लावून घेतले. १९३९ साली स्थापन झालेली गळकऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था विक्रम मानते तो तपासून प्रमाणित केलेल्या काट्यावरचा, साक्षीदारांसमक्ष आणि छायाचित्रासह. मासा हात लांब करून पुढे धरला की छायाचित्रात तो दीडपट दिसतो, म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवलेली बरी.

पैठणचे धरण १९७६ मध्ये झाले. त्याचा उजवा कालवा आपल्या गेवराई तालुक्यातून माजलगावच्या जलाशयाला मिळतो. या पाण्यांवर कोणी गळाची स्पर्धा भरवलीच, तर आमची सूचना एवढीच. वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा छाप असलेला काटा आणावा. मासा टोपलीसकट तोलू नये. पाणी निथळू द्यावे, कारण ओल्या गोणपाटाचे वजनही माशाच्या नावावर जमा होते. तोंड मिटवून, मासा सपाट फळीवर ठेवून मुस्कटापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. आकडा भरवणाऱ्याने एकट्याने लिहू नये. स्पर्धकांनी निवडलेला एक माणूस त्याच्या शेजारी वही घेऊन बसावा, शक्य तर एखादा भोई, कारण डोळ्याने वजन ओळखणारा त्याच्याइतका दुसरा मिळणार नाही. आणि पहिला मासा काट्यावर येण्यापूर्वी छापाचे एक किलोचे वजन त्यावर सर्वांदेखत ठेवून दाखवावे.