कोंडा : एका जुन्या वादाची गोष्ट

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरांत शिकेकाईची काटेरी वेल वाढते. तिच्या शेंगांतील सॅपोनिन पाण्यात फेस करते व तेल धुऊन नेते. वारूळवाडीसारख्या गावांत न्हाण्याच्या पाण्याशी तिचे जुने नाते आहे. पण 'डोके खाजते म्हणजे ते कोरडे पडले, तेल थापा' हा सल्लाही तितकाच जुना. तो बरोबर आहे का?

१८७४ साली मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कोंड्याच्या पापुद्र्यांत यीस्टसारख्या पेशी पाहिल्या. १९०४ मध्ये साबुरो यांनी त्यांनाच कोंड्याचे कारण ठरवले. आक्षेप सरळ होता : याच पेशी निरोगी डोक्यावरही सापडतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतील क्लिगमन यांनी म्हटले, की त्वचेच्या पेशी वेगाने गळतात हाच मूळ दोष. बुरशी केवळ पाहुणी. १९८४ मध्ये शूस्टर यांनी उलट बाजू मांडली : गुण देणाऱ्या निरनिराळ्या औषधांतील समान गोष्ट म्हणजे ती ही बुरशी मारतात.

२००५ च्या सुमारास दोन्ही बाजू जुळल्या. मालासेझिया ही बुरशी डोक्यावरील स्निग्ध स्रावाचे विघटन करते. त्यातून ओलेइक आम्ल उरते. ते लावल्यावर कोंड्याची प्रवृत्ती असलेल्यांचे पापुद्रे सुटतात, इतरांचे नाही. म्हणजे बुरशी हवी, तशी प्रवृत्तीही हवी. २००७ मध्ये तिचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा दिसले की तिला स्वतःची मेदाम्ले बनवता येत नाहीत. प्रयोगशाळेत ती वाढवताना माध्यमात ऑलिव्ह तेल घालतात, ते यामुळेच!

यातून व्यवहार स्पष्ट होतो. ही बुरशी आपली कायमची सोबतीण आहे. तिला समूळ घालवण्यासाठी वर्षानुवर्षे औषध घेण्यात अर्थ नाही. डोक्यावर तेल मुरवत ठेवू नये, नियमित धुवावे. खाज वाढल्यास केटोकोनाझोलयुक्त शाम्पू काही आठवडे, आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून धुवावा. नंतर अधूनमधून पुरतो. दुकानातून स्टेरॉइड मलम परस्पर आणू नये. केस गळून चट्टे पडले, पू आला किंवा महिन्याभरात फरक नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

वर्गात आधी एवढे पाहावे : लीख केसाला घट्ट चिकटते, कोंडा फुंकरीने उडतो. दोहोंचे उपाय वेगळे. आणि कोंडा म्हणजे अस्वच्छता नव्हे, हे त्या मुलाला सर्वांदेखत सांगावे.