स्वेच्छानिवृत्तीचा हिशोब : बाळकुमच्या निमित्ताने

ठाण्यातील कापूरबावडीहून भिवंडीकडे निघाले की कशेळीच्या खाडीपुलाअलीकडे बाळकुम लागते. मूळचे हे खाडीकाठचे गाव आज उंच इमारतींनी वेढलेले आहे. गाव आणि इमारती यांच्यामधला कारखान्यांचा कालखंड आता सहजी दिसत नाही. त्याची एक खूण टपाली पत्त्यात उरली आहे. शेजारच्या कोलशेत परिसरातील टपाल कार्यालयाचे नाव अजूनही ‘सँडोझबाग’ आहे. ज्या कारखान्यावरून ते पडले, त्याच्या जागी मात्र आता निवासी संकुल आहे.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक ठाण्यातच, वागळे इस्टेट येथे उभी राहिली. या पट्ट्यातील अनेक घरांनी तेव्हा शेत, खाडी किंवा कोकणातले गाव सोडून भोंग्याची वेळ पत्करली. ते व्यवसायांतर तरुण वयातले होते. दुसरे आले ते चाळिशीनंतर, जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणापाठोपाठ. त्याचे नाव होते ‘स्वेच्छानिवृत्ती’.

या शब्दातील ‘स्वेच्छा’ तपासून पाहण्यासारखी आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कामगारकपात करताना सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन द्यावे लागे. मोठ्या कारखान्यांना शासनाची पूर्वपरवानगीही आवश्यक होती. परंतु कपातीच्या व्याख्येतूनच स्वेच्छानिवृत्ती वगळलेली होती. साहजिकच परवानगीपेक्षा राजीनामा सोपा ठरला. आयकराच्या नियमांनी या योजनांना ५ लाख रुपयांपर्यंत करसवलत दिली. पात्रता १० वर्षे सेवा किंवा वयाची ४० वर्षे. रिक्त जागा पुन्हा भरायची नाही आणि निवृत्ताला त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत घ्यायचे नाही, अशाही अटी होत्या. म्हणजे हाती असलेल्या कौशल्याला जिथे सर्वाधिक किंमत मिळाली असती, तीच दारे नियमाने बंद केली.

नवे शिकवण्याची कल्पना शासनाला सुचली नव्हती असे नाही. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीच्या उद्दिष्टांत कामगारांचे पुनर्प्रशिक्षण होते. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक रक्कम सार्वजनिक उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर खर्ची पडली.

हे केवळ कामगारांपुरते राहिले नाही. २००० साली सार्वजनिक बँकांनी हीच योजना आणली आणि देशभरातील सुमारे १ लाख कर्मचारी बाहेर पडले. डोंबिवलीसारख्या नोकरदारांच्या शहराला ‘व्हीआरएस’ हा शब्द तेव्हा घरगुती झाला. मात्र कारकुनाला निवृत्तिवेतनाचा आधार असू शकत होता. खासगी कारखान्यातल्या कामगाराच्या हाती प्रामुख्याने एकरकमी पैसा आला, आणि पैसा घराच्या गरजांत मुरतो.

बाळकुमच्या पलीकडचा एक दाखला येथे महत्त्वाचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतील अनेकांनी पुढे भिवंडीच्या यंत्रमागांवर काम धरले. मजुरी घटली, संरक्षण गेले. पण हात सूत ओळखत होते. रासायनिक कारखान्यात संयंत्र चालवणाऱ्याला असा पूल मिळणे अवघड होते. त्याचे ज्ञान त्या यंत्राशी बांधलेले, आणि यंत्र गेल्यावर त्याला ‘अकुशल’ ठरवले जाणार. पंचेचाळिशीत माणसाकडून पगाराबरोबर त्याची जाणकारीही काढून घेतली जाते, ही हानी भरपाईच्या सूत्रात कुठेच मोजलेली नव्हती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने प्रथमच पुनर्कौशल्य निधीची तरतूद केली. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन त्यात भरायचे आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु स्वेच्छानिवृत्ती कपातीच्या व्याख्येबाहेरच राहिली आहे, म्हणजे ज्या वाटेने बहुसंख्य बाहेर पडले तिच्यावर हा निधी पोहोचत नाही. आणि पूर्वी सेवेतल्या एका वर्षाचे मोल असलेले ते १५ दिवस आता उरलेल्या आयुष्याचा नवा व्यवसाय शिकण्यासाठी पुरेसे मानले आहेत. बाळकुमच्या जमिनीला नवा उपयोग शोधताना आपण याहून अधिक वेळ दिला होता.