भूमध्यसागरी ज्वराची फसवी लक्षणे

मुलाला अधूनमधून कडक ताप भरतो, पोट असह्य दुखते आणि एक ते तीन दिवसांत सारे आपोआप निवळते. पुढचा झटका येईपर्यंत मूल ठणठणीत असते. तुर्की, आर्मेनियन, अरब व ज्यू कुटुंबांत प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वर’ या आनुवंशिक विकाराचे हे ठरावीक चित्र होय. भारतात तो विरळ आहे. एमईएफव्ही या जनुकातील दोष त्यास कारणीभूत असल्याचे १९९७ मध्ये निष्पन्न झाले. या दोषामुळे पायरिन हे प्रथिन अवाजवी क्रियाशील होते आणि जंतुसंसर्ग नसतानाही शरीरात दाह उसळतो. साधारणतः आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यास विकार प्रकट होतो.

लहान मुलांत मात्र हे चित्र अपुरे असते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला नुसताच ताप येतो. पोटदुखी पुढे काही वर्षांनी सुरू होते. काहींच्या घोट्यावर वा पावलावर लाल, गरम चट्टा उठतो आणि तो जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके दिली जातात. मुलाचा वृषणकोश एका बाजूने अचानक सुजतो, तेव्हा वृषणाला पीळ पडल्याची शंका येते. ती तातडीने तपासलीच पाहिजे. पण असे वारंवार घडल्यास या ज्वराचाही विचार व्हावा. थोडे चालल्यावर पोटऱ्या दुखणे हे आणखी एक लक्षण. ते अभ्यासाचा वा खेळाचा कंटाळा म्हणून हमखास दुर्लक्षिले जाते. क्वचित तीव्र स्नायुदुखी कित्येक आठवडे टिकते. अपेंडिक्स समजून झालेली अनावश्यक शस्त्रक्रिया तर या रुग्णांच्या इतिहासात नेहमीची.

खरा धोका मूत्रपिंडांना असतो. दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिल्यास अमायलॉइड हे प्रथिन त्यांत साचते व ती निकामी होतात. काही रुग्णांत झटके न येताच हे घडते. म्हणून कुटुंबात विकार असल्यास भावंडांच्याही लघवीतील प्रथिन तपासावे.

१९७२ पासून वापरात असलेले कोल्चिसिन नियमित घेतल्यास बहुतेकांचे झटके थांबतात वा कमी होतात आणि मूत्रपिंडेही वाचतात. आपल्याकडील कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असते, परंतु तो कंद जीवघेणा विषारी असल्याने घरगुती प्रयोग करू नये. कोल्चिसिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन दिल्यास विषबाधा संभवते. साध्या खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यासही मूल हे औषध घेत असल्याचे प्रथम सांगावे.