खुब्याचे दुखणे : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

खुब्याचा सांधा मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि तो ज्यात फिरतो ती कटिरातील उखळीसारखी खोबण यांचा बनलेला असतो. या सांध्याचे खरे दुखणे बहुधा जांघेत जाणवते व कधी मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरते, त्यामुळे गुडघ्यालाच मलमपट्टी होत राहते. कुल्ल्यातील वेदना मात्र अनेकदा कमरेच्या मणक्यातून आलेली असते.

उतारवयातील कूर्चेची (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाची) झीज, पडल्याने मांडीच्या हाडाची मान मोडणे, संधिवात आणि क्षय ही कारणे सर्वत्र आढळतात. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात त्यांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची भर पडते. तो गोंड, हलबा आदी जमातींप्रमाणेच अनुसूचित जाती व काही इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो. यात प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी धान कापायच्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मुळातच मोजक्या वाहिन्यांवर जगणारा मांडीच्या हाडाचा माथा रक्तावाचून मरू लागतो. यालाच अस्थिमृत्यू म्हणतात. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे आणि अतिमद्यपान यांनीही हाच परिणाम होतो.

धानाच्या या जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत बांधीतील चिखलात दिवसभर ओणवे राहून पऱ्हे लावणाऱ्या तरुण मजुराची जांघ दुखली, तर तो थकवा समजला जाणे स्वाभाविक असले तरी घातक आहे. मांडी घालून बसता न येणे, उकिडवे बसताना जांघेत कळ येणे आणि उताणे निजवून गुडघा दुमडलेला पाय आतल्या बाजूस वळवताना तो अडणे, या खुणा एक्स-रे निर्दोष असतानाही दिसू शकतात. अशा वेळी एमआरआय व सिकलसेलची रक्ततपासणी आवश्यक ठरते. तापासह खुबा दुखू लागल्यास जंतुसंसर्गाची शक्यता धरून तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

सुरुवातीस सांध्यावरचा भार कमी करणे, दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी धरणे (हे बहुतेक जण उलटे करतात), वेदनाशामके आणि व्यायाम यांवर भर असतो. मात्र सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे नाजूक असल्याने दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेणे धोक्याचे असते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात, पण मेलेले हाड जिवंत होत नाही. माथा खचण्यापूर्वी त्यात छिद्र पाडून आतील दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया करता येते, खचल्यानंतर कृत्रिम सांधारोपण हाच टिकाऊ उपाय उरतो. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी रूढ केलेल्या या शस्त्रक्रियेत सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, निर्जलीकरण आणि प्राणवायूची कमतरता यांपासून विशेष जपावे लागते.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीवर भर आहे. कारण आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.